एकच मोठा पडदा, दहा टॅब की एक जादा बाई?

प्राथमिक शाळेला देणगी मिळाली की मंडळाच्या बैठकीत पहिली सूचना बहुधा भिंतीवर बसवायच्या मोठ्या टच पॅनलची येते, कारण पॅनल देणगीदाराला दाखवता येतो, त्याखाली नावाची पाटी लावता येते आणि माहितीपत्रकात त्याचा फोटो छापता येतो. दुसरी सूचना दहा-बारा टॅबच्या संचाची असते. तिसरा पर्याय, म्हणजे त्याच पैशातून मागे पडलेल्या मुलांसाठी एक सहायक बाई नेमावी आणि तिच्या हाती मोजके टॅब व एक चांगला स्पीकर द्यावा, हा सहसा कोणी मांडतच नाही. बडोद्यातील ज्या लहान मराठी संस्थांना असा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी या तिन्ही पर्यायांची तुलना येथे केली आहे. वर्गातील जे मूल इतरांच्या बरोबरीने चालू शकत नाही, त्याच्यापर्यंत कोणता पर्याय पोहोचतो, एवढीच कसोटी लावली आहे.

आपल्या वर्गांत ही विविधता अनेक पदरी आहे. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी माध्यम, अशी मुले दांडिया बाजार-रावपुऱ्यात नवी नाहीत. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या कुटुंबांतील मुले हिंदी बोलत वर्गात येतात. त्यातच दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये नोंदलेल्या 21 प्रकारांपैकी कमी दृष्टी, श्रवणदोष किंवा अध्ययन अक्षमता असलेले एखादे मूल असते, आणि पुष्कळदा त्याच्याकडे प्रमाणपत्रही नसते. गोंधळ अगदी बारीक जागी होतात. गुजराती पाचाचा आकडा आणि गुजराती प हे अक्षर दिसायला जवळजवळ सारखेच असल्यामुळे दोन्ही लिप्या एकदम शिकणारे मूल देवनागरी वहीत पाचाच्या जागी शिरोरेघ नसलेला प काढून मोकळे होते. बाईंना ते पाहताक्षणी कळते. पडद्यावर बोटाने काढलेला आकडा तपासणारे अॅप मात्र देवनागरी पाचाचीच अपेक्षा धरून असले, तर बरोबर उत्तरालाही चूक ठरवते.

तुलनेसाठी दूर जाण्याचे कारण नाही, कारण या विषयावरील जगात सर्वाधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या प्रयोगांपैकी एक बडोद्यातच झाला. सन 2000 मध्ये गुजरात सरकारने शहरातील 100 महापालिका प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. जून 2002 मध्ये पाहणी केली तेव्हा बहुतेक संगणक खोक्यांतच होते. चालवणारा कोणी नव्हता आणि मोडतील अशी धास्तीही होती. त्यानंतर ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतीलच तरुण मंडळींना पाच दिवसांचे प्रशिक्षण देऊन शाळांत पाठवले. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास मिळत, त्यांतील एक शाळेच्या वेळेत आणि एक शाळेआधी किंवा शाळेनंतर, आणि एका संगणकावर दोन मुले बसून आपापल्या पातळीचे गणिताचे खेळ खेळत. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्तेर डुफ्लो आणि ली लिंडन यांच्या 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार गणिताचे गुण पहिल्या वर्षी 0.35 आणि दुसऱ्या वर्षी 0.47 प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत, त्याचे हे माप) वाढले, आणि शालेय प्रयोगांत एवढी वाढ क्वचितच दिसते.

त्याच अभ्यासात मुंबई आणि बडोद्यातील ‘बालसखी’ उपक्रमही तपासला गेला. वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळेतच रोज दोन तास वेगळे घेऊन वाचन व अंकज्ञान शिकवीत असे. येथे वाढ पहिल्या वर्षी 0.14 आणि दुसऱ्या वर्षी 0.28 होती, म्हणजे संगणकापेक्षा कमी. पण वर्षाचा खर्च दर मुलामागे 2.25 डॉलर होता, तर संगणक उपक्रमाचा 15.18 डॉलर. उपक्रम संपल्यावर वर्षभराने दोन्हींची आघाडी बरीच विरली, ही गोष्ट कोणताही विक्रेता सांगणार नाही.

दुसरा पुरावाही गुजरातचाच आहे. लिंडन यांनी दुसरी-तिसरीच्या वर्गांत असाच संगणक कार्यक्रम दोन प्रकारे चालवून पाहिला: नेहमीच्या शिकवण्याच्या वेळेऐवजी आणि शाळेच्या वेळेबाहेर. वेळेबाहेर चालवला तेथे मुले पुढे गेली. शिकवणीचा वेळ काढून चालवला तेथे ती उलट मागे पडली. म्हणून यंत्र कोणते घ्यावे यापेक्षा ते कोणत्या वेळेची जागा घेणार आहे, हा प्रश्न बैठकीत आधी विचारला पाहिजे.

पॅनलबद्दल थोडक्यात सांगता येईल. तो सर्वांना एकच गोष्ट एकाच गतीने दाखवतो आणि आपली मूळ अडचण नेमकी तीच आहे. गोष्टीचे मोठे चित्र, उपशीर्षके असलेली चित्रफीत, गुजराती आणि मराठीत एकापाठोपाठ वाचायची तीच गोष्ट, या कामांना तो छान आहे. पण ही कामे साधा टीव्हीही करतो. दुपारी पश्चिमेच्या खिडकीचे प्रतिबिंब काचेवर पडले की कमी दृष्टीच्या मुलाला पहिल्या बाकावरूनही काही दिसत नाही, आणि एवढ्या महागड्या वस्तूसाठी खिडकीला कंतानाचा पडदा लावावा लागतो. अपवाद एकच: वर्गात कर्णबधिर मुले बऱ्याच संख्येने असतील, तर उपशीर्षके आणि सांकेतिक भाषेतील पाठ सर्वांना एकत्र पाहता यावेत यासाठी पॅनलचा खर्च समर्थनीय ठरतो.

टॅबचे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, मजकूर वाचून दाखवता येतो, एकाला दोन अंकी बेरीज आणि शेजारच्याला भागाकार देता येतो, आणि चुकले तरी चारचौघांत हसू होत नाही. वाचनात अडखळणाऱ्या मुलासाठी हा शेवटचा लाभ मला सर्वांत मोठा वाटतो. पण यातील बहुतेक सोयी ऐनवेळी कशावर अडतात, तेही पाहायला हवे. अँड्रॉइडमधील टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी सोय, मराठी आणि गुजराती दोन्ही वाचते; मात्र शाळेची प्रश्नपत्रिका स्कॅन करून चित्ररूपात ठेवलेली असेल, किंवा जुन्या श्रीलिपी-कृतिदेव पद्धतीच्या फॉन्टात टंकलेली असेल, तर ते बहुधा मुके होते किंवा निरर्थक अक्षरे बडबडते. म्हणजे टॅब घेण्यापूर्वी शाळेच्या कार्यालयाने युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकायला सुरुवात केली पाहिजे, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाला कानात खोचायचे इअरफोन निरुपयोगी असतात. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्यावेत आणि यंत्र शिटी मारत नाही ना, हे मुलाला लावूनच पाहावे. आवाज ऐकून वाचन तपासणाऱ्या अॅपची मर्यादा आणखी नाजूक आहे. घरात ‘साळा’ म्हणणारी मुलगी ‘शाळा’ हा शब्द नीट ओळखून ‘साळा’ असा वाचते, तेव्हा तिने वाचलेले बरोबर आहे. बाई मान डोलावून पुढे जातात, अॅप मात्र त्या एका शब्दावर अडून बसू शकते. तोतरे बोलणाऱ्या मुलाला तर असे अॅप एकट्याने देऊच नये.

सहायक बाईचा पर्याय दिसायला सर्वांत जुना आणि निभवायला सर्वांत अवघड आहे. देणगीदार वस्तूला पैसे देतात, पगाराला देत नाहीत; बाई लग्न किंवा बरी नोकरी मिळाल्यावर जाते; आणि ‘कच्च्या मुलांचा वर्ग’ अशी छाप बसली की पालक नाराज होतात. शिवाय ती अंध मुलाला पुस्तक वाचून दाखवू शकेल, पण त्याला स्वतः वाचते करण्यासाठी ब्रेल किंवा यंत्र लागणारच. तरीही ‘साळा’ आणि गुजराती वळणाचा पाच ओळखणारी तीच आहे.

म्हणून माझा कौल असा: पहिली-दुसरीला सहायक बाई, स्पीकर आणि एक साधा टीव्ही द्यावा, स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर खुल्या परवान्याने मिळणाऱ्या मराठी-गुजराती गोष्टी तेथे वर्षभर पुरतील. तिसरी ते पाचवीसाठी सहा टॅब पुरेत; एकावर दोन मुले, शाळा सुटल्यावर किंवा भरण्याआधी, आणि त्याच बाईंच्या देखरेखीखाली. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून आठवडाभर एक टॅब मागून घ्यावा, तो वर्गातील सर्वांत अडखळत वाचणाऱ्या मुलाच्या हाती द्यावा आणि इंटरनेट बंद करूनही तो चालतो का, हे पाहावे. देणगीच्या रकमेतून बाईंचा दोन वर्षांचा पगार आधी बाजूला काढावा. उरलेल्या पैशात सहा टॅब बसत नसतील, तर चारच घ्यावेत.