5 एचपी सोलर पंप आणि तुषार संच: गव्हाला कितपत जमतं

आमचा गहू निफाड तालुक्यात, काळी जमीन, आणि विहिरीवर वीज कनेक्शन कधी नव्हतंच त्यामुळे इतकी वर्षं डिझेल इंजिनच. मग मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून 5 एचपीचा पंप बसवला (अडीच ते पाच एकरवाल्याला 5 एचपीपर्यंतचा मिळतो, जनरलला किमतीच्या 10 टक्के हिस्सा, एससी-एसटीला 5), त्याला तुषार संच (स्प्रिंकलर) जोडला आणि पूर्ण रब्बी त्यावरच काढली. एजंट लोक फक्त फायदे सांगतात म्हणून सविस्तर लिहितोय.

पाण्यासाठी डिझेल आणणं बंद झालं हे तर झालंच, पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाणी भरणं दिवसा होतं. शेजारचे रात्रीच्या लाईटवर दारं धरतात, डिसेंबरची आमच्याकडची थंडी आणि बाजूच्या उसात बिबट्या, घरच्यांचा जीव टांगणीला असतो. नुसत्या याच गोष्टीसाठी मी पंपाला पैकीच्या पैकी मार्क देईन.

आता अडचण कुठे येते ते सांगतो. स्प्रिंकलरच्या नोझलला अडीच किलोच्या आसपास (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर लागतं आणि सकाळी ऊन कोवळं असताना पंप तेवढं देतच नाही, मग नोझलचा घेर लहान पडतो आणि दोन नोझलच्या मधला पट्टा कोरडा राहतो, गहू पंधरा दिवसांनी तिथे बुटका दिसायला लागतो. उपाय सोपा आहे, सकाळी कमी नोझल चालू ठेवायचे आणि ऊन चढलं की वाढवायचे. ढगाळ दिवसाचं मात्र काही खरं नाही. आणि ओंबीत दाणा भरताना दुपारी वारं सुटलं की तुषार बंद ठेवा, भिजलेल्या ओंब्या जड होऊन गहू आडवा पडतो.

दुसरं म्हणजे वीज फुकट म्हणून पंप दिवसभर चालू ठेवणारे बरेच पाहिले, विहीर उपसून काय मिळवणार? गव्हाला पाणी अवस्थेप्रमाणेच द्यायचं, 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळं फुटताना, 40-45 ला कांडी धरताना, मग 60-65 ला फुलोऱ्यात आणि 80-85 ला दाणा भरताना. एकच पाणी असेल तर ते 40-42 दिवसांनी द्या असं कृषी विद्यापीठ सांगतं. आणि ऊर्जा वाचवायची म्हणता तर युरियाकडे पण बघा, तो मुख्यतः नैसर्गिक वायू वापरूनच तयार होतो, माती परीक्षण न करता गोणीवर गोणी टाकली तर पंपावर वाचवलेलं तिकडे जातं. अर्धं नत्र (म्हणजे युरियातलं नायट्रोजन) पेरताना, अर्धं पहिल्या पाण्याला, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

सर्व्हिसला कमी मार्क. कंट्रोलरवर एरर आला आणि ऐन पहिल्या पाण्याच्या वेळी माणूस लवकर आलाच नाही, पाच वर्षांची देखभाल कागदावर आहे पण पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो. तक्रार फोनवर केली तरी तक्रारीचा नंबर मागून घ्या. पॅनेल मात्र स्वतःच पुसा, धुळीने पाणी कमी होतं हे डोळ्याला दिसतं.

एकूण 5 पैकी 4. फॉर्म भरणार असाल तर विहिरीची खोली आणि उन्हाळ्यातली पाण्याची पातळी खरीच लिहा, पंप किती हेडचा (म्हणजे किती खोलीवरून पाणी उचलणारा) येणार ते त्यावरच ठरतं आणि एकदा बसला की बदलून मिळणं अवघड.