सेलपोज: मायक्रोस्कोपच्या फोटोंवर काम करणाऱ्यांनी हे आधी वापरून बघा

मशीन लर्निंग येतं म्हणून सेल बायॉलॉजीच्या लॅबमध्ये रिसर्चची पोझिशन मिळाली की सुरुवातीलाच एक काम हमखास गळ्यात पडतं, हे फोटो घे आणि यातल्या पेशी वेगवेगळ्या करून दे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण पेशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, काही अंधुक, काहींची कडाच दिसत नाही, आणि नुसता ब्राइटनेसचा थ्रेशोल्ड लावला, म्हणजे ठरावीक उजेडाच्या वरचं सगळं पेशी मानलं, तर पाच पेशी मिळून एकच ढेकूळ होतं. मी यासाठी सेलपोज नावाचं सॉफ्टवेअर वापरते आणि मला ते जाम आवडतं. फुकट आहे, कोड खुला आहे. अमेरिकेतल्या जनेलिया रिसर्च कॅम्पसच्या कार्सन स्ट्रिंगर आणि मारियस पाचितारियू यांनी बनवलंय, पेपर २०२१ चा, नेचर मेथड्समधला.

यातली आयडिया खरंच सुंदर आहे. मॉडेल थेट कडा शोधत बसत नाही, प्रत्येक पिक्सेलला एक दिशा देतं, तुझ्या पेशीचं मध्य इकडे आहे, मग सगळे पिक्सेल त्या दिशेने सरकत जातात आणि उतारावरचं पाणी खड्ड्यात जमावं तसे जे एका जागी जमले ती एक पेशी. त्यामुळे दोन पेशी अगदी खेटून असल्या तरी दोन्हीकडचे पिक्सेल उलट दिशांना जातात आणि मधली हद्द आपोआप सापडते. गोलसर न्यूक्लियसच (पेशीकेंद्रकं) वेगळे करायचे असतील तर स्टारडिस्ट हे दुसरं टूलही झकास चालतं, पण वेड्यावाकड्या आकारांना मी सेलपोजच घेईन.

पण माझ्या मते खरी कमाल पहिल्या रिझल्टमध्ये नाहीये, ती २०२२ च्या सेलपोज २.० मध्ये आली. तयार मॉडेल आपल्या फोटोवर चालवायचं, चुकलेला मास्क, म्हणजे मॉडेलने एक पेशी म्हणून आखलेला भाग, कीबोर्डवरची कंट्रोल की धरून क्लिक केला की उडतो, राइट क्लिक करून आपल्या हाताने नवीन कडा काढायची, आणि तेवढ्यावर मॉडेल परत ट्रेन करून पुढच्या फोटोवर लावायचं. त्यांच्या पेपरप्रमाणे असे १०० ते २०० मास्क झाले तरी पुरतात. यात बायॉलॉजीवाल्याला शेजारी बसवा प्लीज, कारण ही एक पेशी आहे की विभागणी होत असलेल्या दोन, हे तोच सांगू शकतो, आपण कोडवाले तिथे अंदाजच मारतो.

त्रासही आहेत. जुन्या मॉडेल्सना पेशीचा व्यास पिक्सेलमध्ये सांगावा लागतो, लहान दिला तर एकीचे तुकडे, मोठा दिला तर दोन-तीन एकत्र. नवीन सेलपोज-सॅममध्ये, म्हणजे व्हर्जन ४ मध्ये, ही कटकट जवळपास गेलीये, पण ते मॉडेल जड आहे आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) नसेल तर ताटकळत बसावं लागतं. लांब फांद्यांच्या न्यूरॉनवर फार भरवसा ठेवू नका.

आणि एक गोष्ट, जी टूलची नाही आपली आहे. ट्रेन केलेलं मॉडेल तपासताना एकाच प्लेटचे (पेशी वाढवायच्या थाळीचे) फोटो ट्रेनिंगमध्येही आणि टेस्टमध्येही टाकू नका. डाय, फोकस, लाइट सगळं सारखंच असतं ना, मग आकडा मस्त येतो आणि पुढच्या बॅचला मॉडेल तोंडावर पडतं. टेस्टला वेगळ्या दिवशीची, वेगळी प्लेट ठेवा. पेशी मोजण्याचं काम औषधाचा परिणाम बघायला असेल तर हे अजूनच महत्त्वाचं, कारण औषधाने पेशीचा आकार बदलला की सेगमेंटेशन (पेशी वेगळ्या करणं) नेमकं तिथेच जास्त चुकू शकतं आणि तो फरक औषधाचा की मॉडेलचा हे कळतच नाही. मी तर कंट्रोल (औषध न दिलेले) आणि औषधवाले असे दोन्हीकडचे थोडे फोटो दरवेळी डोळ्यांनी बघतेच.

इन्स्टॉल करताना व्हर्जन लिहून ठेवा, व्हर्जन ४ मध्ये सायटो३ वगैरे सेलपोजची जुनी तयार मॉडेल चालत नाहीत, ती हवी असतील तर ४ च्या आधीचं व्हर्जन वेगळ्या पायथन एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका.