सप्टेंबर-ऑक्टोबरात बास धरायला कुठे जायचं: लेनिअर की गंटर्सविल?

अटलांटाच्या उत्तरेला, कमिंग-अल्फारेटा-जॉन्स क्रीक या पट्ट्यात राहणाऱ्या आणि गॅरेजमध्ये गळाचे दोन-चार रॉड उभे असलेल्या मराठी माणसाला लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) उलटला की हा प्रश्न पडतोच, बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा धरायला कुठे जायचं. लेक लेनिअर घराजवळ आहे, मग तीन तास गाडी हाणून अलाबामात गंटर्सविलला कशाला जायचं? माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य या काळात एकच मोकळा शनिवार असेल तर गंटर्सविल, आणि लेनिअर थंडीसाठी राखून ठेवा. पण हे सगळ्यांना लागू पडत नाही, बोट आहे का, सोनार (पाण्याखालचं पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे का, बरोबर पोरं आहेत का, यावर बरंच अवलंबून आहे.

मुळात ही दोन पाणी एकमेकांच्या अगदी उलट आहेत. लेनिअर म्हणजे चॅटाहूची नदीवर आर्मी कोअरने (अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने) बांधलेलं बुफर्ड धरण, साधारण ३८,००० एकर, खोल, नितळ, आणि पाणगवत जवळपास नाहीच. इथला मुख्य मासा स्पॉटेड बास, म्हणजे 'स्पॉट'. तो मूळचा इथला नाही, बाहेरून आला आणि चांगलाच माजला. गंटर्सविल टेनेसी नदीवर आहे, टीव्हीएने (टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेने) १९३९ साली पूर्ण केलेलं धरण, जवळपास ६९,००० एकर, अलाबामातला सगळ्यात मोठा तलाव, पण उथळ, आणि हायड्रिला, मिलफॉइल, ईलग्रास असं गवतच गवत. तिथे राज्य लार्जमाउथचं, म्हणजे मोठ्या तोंडाच्या बासचं. बासमास्टर क्लासिक ही बास धरण्याची नावाजलेली स्पर्धा तिथे २०१४ आणि २०२० ला झाली म्हणून लोक भारावून जातात, पण या दोन्ही स्पर्धा फेब्रुवारी-मार्चमधल्या होत्या, त्यावरून फॉलचा, म्हणजे या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दिवसांचा, अंदाज बांधायचा नाही हां.

आता फॉलच्या सुरुवातीला नेमकं होतं काय. पुस्तकी उत्तर सगळ्यांना पाठ असतं, रात्री गार व्हायला लागल्या की वरचं पाणी थंड होतं, शॅड नावाचे छोटे मासे खाड्यांच्या आत सरकतात आणि बास त्यांच्या मागे जातात. गंटर्सविलला हे बऱ्यापैकी खरं आहे. लेनिअरला अर्धंच खरं, कारण तिथे स्पॉटचं आवडतं खाणं ब्लूबॅक हेरिंग, आणि हा छोटा मासा उघड्या खोल पाण्यात भटकणारा प्राणी, तो काही शहाण्यासारखा खाडीत जाऊन बसत नाही. शिवाय लेनिअर खोल असल्यामुळे उन्हाळ्यात पाण्याचे थर बसतात, वर गरम, खाली गार पण प्राणवायू कमी, आणि ते थर मोडून पाणी वर-खाली मिसळायला नोव्हेंबर उजाडतो. म्हणजे कॅलेंडरवर फॉल आला, ऑफिसात पम्पकिन स्पाइस कॉफी आली, पण लेनिअरच्या माशाच्या हिशोबाने सप्टेंबरअखेरही उन्हाळाच. गंटर्सविलला नदीचा प्रवाह चालू असतो, पाणी उथळ, त्यामुळे तिथे असे पक्के थर बसत नाहीत आणि दोन-तीन गार रात्रींचाही फरक लगेच दिसतो.

लेनिअरला या दिवसांत स्पॉट कुठे असतो, तर पाण्याखालच्या उंचवट्यांवर आणि लोकांनी बुडवून ठेवलेल्या फांद्यांच्या ढिगांवर, साधारण वीस ते तीस फुटांत. मजा म्हणजे एवढ्या खोलातूनही तो वर येऊन टॉपवॉटर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर चालवलेलं ल्युअर (खोटं आमिष), मारतो. उंचवट्यावरून लांब फेकायचं, सुपर स्पूकसारखं डावीकडे-उजवीकडे चालणारं ल्युअर जोरात आणायचं, आणि खालून एकदम तिघं-चौघं चवताळून वर येतात, एकाला गळ लागला की बाकीचे त्याच्या तोंडातलं ओढायला मागे लागतात! हे बघायला खरंच भारी वाटतं. आणि इथे एक उलटी गोष्ट आहे, ढगाळ शांत सकाळपेक्षा ऊन आणि थोडा वारा असला तर हा खेळ जास्त चालतो, वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठल्या की नितळ पाण्यातही माशाला ल्युअर नीट न्याहाळता येत नाही. वर आले नाहीत तर मग ड्रॉप शॉट (खाली वजन आणि त्याच्या थोडं वर गळ), बारीक फ्लुरोकार्बन दोरा, आणि ढिगाच्या बरोब्बर डोक्यावर बोट धरून उभं राहायचं.

अडचण इथेच आहे. ते ढीग आणि उंचवटे डोळ्याला दिसत नाहीत. चांगलं सोनार आणि त्यात साठवलेले पॉइंट्स नसतील तर लेनिअर म्हणजे नुसतं मोठं निळं पाणी, दिवसभर किनाऱ्याला ल्युअर मारत बसा आणि वीतभर स्पॉट धरा. आणि शनिवारी दहानंतर वेकबोट, जेट स्की आणि पॉन्टून पार्टीवाले उतरतात. लेबर डेनंतर गर्दी कमी होते हे खरं, पण ऊन असेल तर 'कमी' हा शब्द जपून वापरायचा. वीकडेला वर्क फ्रॉम होमच्या आधी, उजाडल्यापासून नऊपर्यंत, असं जमत असेल तर मात्र लेनिअरला तोड नाही, कारण घरी येऊन साडेनऊच्या स्टँडअपला कॅमेरा बंद ठेवून बसता येतं.

गंटर्सविलला उलट सगळं डोळ्यासमोर. उन्हाळाभर वाढलेलं गवत आता पृष्ठभागाला येऊन त्याची जाड गादी झालेली असते, वर हिरवट-पिवळा थर, आणि त्याच्या खाली सावलीत लार्जमाउथ. इथे बेडूक चालवायचा. पोकळ रबरी बेडूक, दोन्ही गळ पाठीला चिकटलेले, त्यामुळे गवतात अडकत नाही. पण सगळी गादी सारखी नसते. इंजिन बंद करून जरा कान द्यायचा, गवताखालून ब्लूगिल नावाचे छोटे मासे किडे टिपतात त्याचा बारीक चटचट आवाज येत असेल तर तिथे जीव आहे, आवाज नसेल तर पुढे जा. बेडकावर आधी जिथे बास तुटून पडला असेल तिथे गवताला भोकं पडलेली दिसतात, तीही खूण. खोल पाण्याजवळची, नदीच्या किंवा खाडीच्या जुन्या पात्राला लागून असलेली गादी सगळ्यात बरी. आणि फटाका फुटल्यासारखा मासा वर आला की हात आवरायचा, लगेच झटका द्यायचा नाही, दोऱ्यावर वजन जाणवलं की मगच जोरात ओढायचं. त्यासाठी ५०-६५ पौंडी ब्रेड (विणलेला मजबूत दोरा) आणि जाडजूड रॉड हवा, लेनिअरचा बारीक दोऱ्याचा स्पिनिंग सेट इथे घेऊन गेलात तर गवताचा भारा आणि मासा दोन्ही तिथेच राहतील. ऊन चढलं म्हणून घाबरायचं कारण नाही, मासा गादीखाली अजून घट्ट बसतो.

कोल्ड फ्रंट (थंड हवेची लाट) येऊन गेल्यावर आकाश निळंभोर, हवेचा दाब चढलेला, फोटोला झकास आणि माशाला भिकार असा दिवस दोन्हीकडे मंद जातो. तरी त्यात गंटर्सविलला निदान दीड औंसाचं टंगस्टनचं वजन लावून गवताला भोक पाडून ल्युअर खाली सोडता येतं. लेनिअरला अशा दिवशी मी जातच नाही. एखाद्या वादळाच्या उरलेल्या ढगांनी सप्टेंबरात दोन दिवस पाऊस लावला तर ते वेगळं, मग खाड्यांच्या तोंडाशी गढूळ-स्वच्छ पाण्याची सीमारेषा शोधा, दोन्ही तलावांवर.

प्रवासाचं गणित असं. अलाबामा जॉर्जियापेक्षा एक तास मागे, म्हणजे पहाटे साडेतीनला निघालात तरी तिथल्या घड्याळात साडेपाचला बोट उतरवायच्या रॅम्पवर, आणि सूर्योदय साडेसहानंतर. छान वाटतं. परतताना तोच तास कापला जातो, नवरात्रातल्या शनिवारी मंडळाच्या गरब्याला वेळेत पोचायचं वचन घरी दिलं असेल तर गंटर्सविलचं नाव काढू नका. अलाबामाचं नॉन-रेसिडेंट लायसन्स वेगळं घ्यावं लागतं, थोड्या दिवसांचं मिळतं, फोनवर होतं. अलाबामाच्या फुटबॉलची मोठी मॅच असलेला शनिवार मिळाला तर उत्तम, तलावावर निम्मी माणसं टीव्हीसमोर गेलेली असतात.

बोट नसेल तर? लेनिअरला काठावरून लार्जमाउथ आणि ब्रीम (ब्लूगिलसारखे छोटे मासे) होतील, कोअरच्या पार्कमध्ये पोरांना घेऊन दोन तास बसायला ठीक, तेवढ्यासाठी गंटर्सविल गाठायची गरज नाही (बोटीवर नेणार असाल तर जॉर्जियात १३ वर्षांखालच्या पोरांना लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं आहे). गंटर्सविलला सॉटी खाडीच्या रस्त्याच्या बांधावरून लोक काठाने धरतात आणि शॅड आत आले असतील तर चांगला मासा लागतो, पण या महिन्यात काठाचं गवत जाड असतं, बरीच फेक वाया जाते.

खायला न्यायचा विचार असेल, आणि आपल्या लोकांचा असतोच, तर लेनिअरचा मध्यम स्पॉट रवा लावून बरा लागतो, सुरमईची अपेक्षा मात्र ठेवू नका. गंटर्सविलला लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ (बासचीच दुसरी जात) १५ इंचाच्या खाली ठेवता येत नाही, मोजपट्टी बोटीतच असू द्या. आणि सहा पौंडांची जाड मादी लागली तर फोटो काढून सोडून द्या, एवढ्या मोठ्या बासला चव नसते आणि मोठ्या माशात पाराही जास्त साठतो.

बोट आहे पण सोनार जुनं आहे, असा माणूस विचारत असेल तर मी डोळे मिटून गंटर्सविल सांगेन. नवं लाइव्ह सोनार (मासा हलताना तिथल्या तिथे दाखवणारं) घेऊन बसलेला असेल तर त्याने मंगळवारी सुट्टी टाकून लेनिअर करावं, शनिवारी नाही.