गाणे शिकायचे, पण कोणाकडे? पुण्यातील प्रौढ विद्यार्थ्यासाठी एक तुलना

चाळिशीच्या आसपास, नोकरी सांभाळून गाणे शिकावे असे वाटू लागलेल्या पुणेकराला मार्गांची वानवा नाही. पेठांमध्ये खासगी शिकवण्या आहेत, जुन्या संस्थांचे वर्ग आहेत, उपनगरांत सुगम संगीताचे आणि कराओकेचे क्लास आहेत आणि ऑनलाइन शिकवणारे तर घरबसल्या मिळतात. फी, अंतर आणि वेळ यांची तुलना प्रत्येक जण करतोच. मला मात्र हे सारे मार्ग एकाच मापाने मोजावेसे वाटतात: आठवडाभरात तुमचा एकट्याचा आवाज जाणत्या कानासमोर किती मिनिटे लागतो?

या मापाने संस्थेचा वर्ग पहिल्याच फेरीत मागे पडतो. तासाला बारा विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे येतात आणि तीही बहुधा समूहात विरून जातात. तरीही संस्थेला कमी लेखणे चूक ठरेल. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, तेव्हा गुरूच्या घरी राहून सेवा करणे ज्यांना शक्य नव्हते, अशांनाही गाण्याचे दार उघडले. पुण्यात भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेला भारत गायन समाज आणि पलुस्करांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये सुरू केलेले गांधर्व महाविद्यालय ही याच वाटेवरची नावे आहेत. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षांचा क्रम समोर असला, की आज अलंकार (म्हणजे स्वरांचे पलटे), उद्या भूप राग, पुढे यमन अशी शिस्त आपोआप लागते. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला परीक्षेची तारीख जेवढी रियाजाला बसवते, तेवढी स्वतःची इच्छा बसवत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

संस्थेच्या वर्गाची खरी अडचण पट्टीची, म्हणजे ‘सा’ कोणत्या उंचीवर धरायचा याची असते. माझ्या पहिल्या वर्गात स्त्रिया आणि मुले अधिक असल्यामुळे सगळ्यांचा षड्ज, म्हणजे ‘सा’, काळी चारमध्ये (पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या सुरावर) धरला जाई. माझा आवाज काळी एकचा. त्यामुळे खालच्या सप्तकात आवाज पोहोचत नसे आणि वरच्या सप्तकात पंचमाच्या पुढे गळा आवळला जाई. आपल्याला गाणे जमणारच नाही, अशा समजुतीत माझे जवळजवळ वर्ष गेले. दोष पट्टीचा होता, हे फार उशिरा कळले. प्रौढ पुरुषाने वर्गात प्रवेश घेण्यापूर्वी विचारायचा पहिला प्रश्न वर्गाच्या पट्टीचाच आहे.

खासगी शिकवणीत हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. माझ्या गुरुजींनी पहिल्याच दिवशी पेटीवर माझा स्वर शोधला, मग भाता मिटला आणि तंबोरा लावला. भूपातला गंधार, म्हणजे ‘ग’, मी लावला, तो मला पेटीच्या सवयीने अगदी बरोबर वाटत होता. ते म्हणाले, ‘‘थोडे उतरा.’’ मी उतरलो. ‘‘आणखी किंचित.’’ आणि एका क्षणी माझा गंधार तंबोऱ्याच्या खर्जाच्या (सर्वांत खालच्या ‘सा’च्या) तारेतून आपोआप निघणाऱ्या गंधारात असा मिसळला, की तो वेगळा ऐकू येईना. समान अंतराने लावलेल्या पेटीचा गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा थोडा चढा असतो, ही गोष्ट पुस्तकात वाचून कळते. गळ्यात मात्र ती समोर बसलेल्या माणसाने ‘‘उतरा’’ म्हटल्यावरच येते. (आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके पेटीला दूर ठेवले होते. त्या बंदीचे समर्थन मी करत नाही, पण केवळ पेटीवर विसंबून शिकू नये, एवढे नक्की म्हणेन.)

अर्थात, खासगी शिकवणीला ठरलेला अभ्यासक्रम नसतो आणि एकाच रागात आठ महिने जाऊ शकतात. गुरू स्वतः कार्यक्रम करणारे असतील, तर हिवाळ्यात निम्म्या शिकवण्या बुडतात. तबलजी क्वचितच असतो. तबल्याच्या यंत्रावरच्या बारा मात्रांच्या एकतालात नेमकी सम, म्हणजे पहिली मात्रा, गाठणारा विद्यार्थी प्रत्यक्ष तबल्यासमोर पहिल्यांदा बसला, की बाराव्या मात्रेलाच गोंधळतो.

सुगम संगीताच्या वर्गात शब्दोच्चार, श्वास कुठे घ्यावा आणि माइकपासून किती दूर राहावे हे चांगले शिकवले जाते. ख्याल, म्हणजे शास्त्रीय गायन, शिकवणारे बरेच जण या गोष्टींकडे दुर्लक्ष करतात. कराओकेविषयी मी साशंक आहे. मूळ गायकाच्या पट्टीतला ट्रॅक मोठ्या आवाजात वाजत असताना आपला स्वर हललेला आपल्यालाही ऐकू येत नाही. ट्रॅकची पट्टी बदलून देणारे आणि अधूनमधून तो बंद करून गायला लावणारे शिक्षक मिळाले, तर गोष्ट वेगळी.

ऑनलाइन शिकण्यात वेळ वाचतो आणि प्रत्येक तास पुन्हा ऐकता येतो, हा फायदा मोठा आहे. परंतु आवाज पोहोचायला लागणाऱ्या विलंबामुळे गुरू आणि शिष्य एकत्र गाऊ शकत नाहीत. शिवाय आजूबाजूचा गोंगाट गाळणारी सुविधा तंबोऱ्याला पंख्याची घरघर समजून कापून टाकते. ती सेटिंगमध्ये जाऊन बंद करावी लागते. ज्याचा षड्ज आधीच पक्का आहे, त्याला हा मार्ग चालेल. अगदी नवख्याला मी तो सुचवणार नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रातील पदवी हा पूर्णवेळ शिकणाऱ्यांचा मार्ग असल्याने तो या तुलनेत धरलेला नाही.

माझा कौल असा: पट्टी जुळत असेल, तर संस्थेत दोन परीक्षा द्याव्यात आणि नंतर खासगी गुरू शोधावेत, पट्टी जुळत नसेल, तर थेट खासगी शिकवणीच बरी. घरच्या समारंभात चार भावगीते नीट म्हणता यावीत एवढीच इच्छा असेल, तर सुगमचा वर्ग पुरे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र कुठेही पैसे भरण्यापूर्वी एक तास नुसते बसून पाहण्याची परवानगी मागावी. त्या तासात शिक्षक एखाद्या विद्यार्थ्याला एकट्याने गायला लावतात का, आणि तो गात असताना त्यांचा हात पेटीवरून उचलला जातो का, एवढे दोनच प्रसंग पाहावेत.