आधी स्कॅनर की आधी धूर?

जुन्या पेट्रोल व्हॅनचं आयडलिंग वरखाली होतंय, चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) कोड आलाय पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. बरेच जण लगेच एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) बदलून मोकळे होतात. सेन्सर खराब आहे असं तो कोड कुठेच म्हणत नाही.

स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे मिश्रण नीट ठेवायला संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय. आयडलला ट्रिम +२० टक्क्यांच्या आसपास आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्यावर आला, तर सेन्सर आणि इंजिन यांच्या मधे कुठूनतरी न मोजलेली हवा शिरतेय. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना अशा फटीचा वाटा मोठा असतो, उघडल्यावर नगण्य. उलट इंजिनावरच्या लोडसोबत ट्रिम चढत गेला, तर संशय मळलेल्या सेन्सरवर किंवा कमजोर फ्युएल पंपावर. (एअरफ्लोऐवजी इनटेकमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असेल तर हे गणित इतकं सरळ नाही, तिथे गळतीने अनेकदा नुसतं आयडल वाढतं.)

गळती शोधायची स्मोक टेस्ट साधी: इंजिन बंद, इनटेकचं (हवा आत नेणाऱ्या मार्गाचं) तोंड बंद, कमी दाबाने धूर आत. तडकलेला व्हॅक्यूम पाइप लगेच दिसतो. पण तापल्यावरच उघडणारी फट थंड इंजिनात लपते, आणि सेन्सरबद्दल धूर मुकाच.

माझा कौल आधी स्कॅनरला. ट्रिमने गळतीकडे बोट दाखवलं तरच धूर. नाहीतर सेन्सरवर त्याच्याच खास क्लीनरचा फवारा मारा, आतल्या तारेला हात न लावता, आणि ट्रिम पुन्हा बघा.