बाबेसियाचं कल्चर, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं अडतं ते सीरमपाशी

बाबेसिया बिगेमिना हा गोचिडांतून पसरणारा, गुरांना लाल लघवीचा रोग देणारा परजीवी. आम्ही तो प्रयोगशाळेत गाईच्या तांबड्या पेशींत वाढवतो. विकतच्या सीरमची (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) नवी बाटली उघडली आणि दोन-तीन दिवसांत चांगलं चाललेलं त्याचं कल्चर बसलं. त्या संतापातच हे लिहायला घेतलंय. एम-१९९ मीडियम (पेशींसाठीचं पोषक द्रावण), ४० टक्के सीरम, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड हे सगळं वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरून चालते.

आधी बरं ते सांगते. लेव्ही आणि रिस्टिक यांनी १९८० मध्ये बाबेसिया बोव्हिस या त्याच्या भावंडासाठी जी पद्धत दिली, ती आजही उत्तम चालते. ना पंप, ना ढवळणं. तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर सहा मिलिमीटरच्या आसपास मीडियम राहतं आणि त्या खोलीमुळेच तळाला प्राणवायू कमी पोचतो. परजीवीला तेच हवं असतं. प्राणवायूही कमी करून देणाऱ्या महागड्या तीन-गॅसच्या इन्क्युबेटरवाचून आमचं काहीही अडलं नाही. ज्यांचं अनुदान तुटपुंजं आहे त्यांनी तो खर्च खुशाल टाळावा.

कल्चर नीट चाललंय का, हे स्लाइड करायच्या आधीच कळतं. प्लेट अलगद उचलून खालून बघायची. परजीवी वाढत असलेल्या खान्यांचा तळ काळपट जांभळा दिसतो, शेजारच्या नुसत्या रक्ताच्या खान्याचा त्यापेक्षा लाल राहतो. मग जिएम्सा रंग दिलेल्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावर) पेशीपेशीत पेअरच्या आकाराच्या जोड्या, टोकाला टोक लावलेल्या, जांभळ्या केंद्रकाच्या. ती विकतची बाटली लागल्यावर तळ उजळत गेला आणि स्लाइडवर जोड्यांच्या जागी आक्रसलेले गडद ठिपके उरले. परजीवी पेशीच्या आतच मरत होते.

आता सीरम. त्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण पैसा तिथेच जातो. २४ खान्यांच्या प्लेटमध्ये एका खान्यात १.२ मिली कल्चर असतं. रोज त्यातलं ०.८ मिली मीडियम बदलायचं म्हटलं, तर एका प्लेटला दिवसाला साडेसात मिलीच्या वर सीरम लागतं. चार प्लेटा असतील तर ३० मिली, रविवार धरून. थायलेरिया ॲन्युलाटा या गोचिडांतून येणाऱ्या दुसऱ्या परजीवीवर काम करणाऱ्यांना याची कल्पना येणार नाही. त्यांचा परजीवी पांढऱ्या पेशीत शिरून त्या पेशीलाच अखंड विभागत ठेवतो, १० टक्के सीरमवर फ्लास्क भरून वाहतो. रक्षावॅक-टी ही थायलेरियावरची लस अशाच पेशींपासून बनते. बाबेसियाचं तसं नाही. त्याला तांबड्या पेशी सतत ताज्या द्याव्या लागतात आणि सीरम ओतत राहावं लागतं.

विक्रेत्याला विचारलं, हे किती जनावरांचं सीरम आहे? त्यांच्या रक्तात बाबेसियाविरुद्ध अँटिबॉडी आहेत का, ते तपासलंय का? जनावरांना इमिडोकार्ब हे बाबेसियावरचं औषध टोचलं होतं का? उत्तरादाखल निर्जंतुकतेचा दाखला पुन्हा पाठवला. अहो, निर्जंतुक आहे हे मान्यच आहे! पण गोचिडांच्या मुलखातल्या जनावराला लाल लघवीचा रोग होऊन गेला असेल, तर त्याचं सीरम परजीवीला वाढू कसं देईल? आणि इमिडोकार्ब शरीरात आठवडेच्या आठवडे टिकतं, म्हणून तर ते प्रतिबंधासाठीही देतात. पैसे परत मिळाले नाहीत.

मग आमच्या गोठ्यातल्या जनावरांकडे वळलो. एकेकीचं सीरम वेगळं ठेवून, जुन्या चांगल्या सीरमशेजारी लावून पाहिलं. गाई सारख्याच धडधाकट, खाणं एकच, तरी एकीच्या सीरमवर परजीवी जोमाने वाढले आणि दुसरीच्यावर जेमतेम तगले. जिचं चाललं ती एक शांत देवणी गाय. गोठ्यातले मामा तिच्या कानामागे, शेपटीखाली, कासेजवळ रोज हात फिरवून गोचीड बघतात. "ताई, हिच्या अंगावर एक गोचीड बसू देणार नाही," असं म्हणाले आणि शब्द पाळला. पीसीआरवर थायलेरिया आणि ॲनाप्लाझ्मा (गोचिडांतूनच येणारा रक्तातला जिवाणू) नाही याची खात्री मात्र आपणच वरचेवर करायची. वरून निरोगी दिसणारी गाय हे दोन्ही बाळगून असू शकते आणि मग आपण नेमकं काय वाढवतोय तेच कळत नाही.

रक्त काढल्यावर काचेच्या मण्यांच्या फ्लास्कमध्ये फिरवत राहायचं, फायब्रिन (रक्ताची गुठळी करणारे तंतू) मण्यांना चिकटतं. सीरम गाळून गोठवायचं, पांढऱ्या पेशींचा थर काढून टाकायचा, तांबड्या पेशी धुऊन ४ अंशांवर ठेवायच्या. हात दुखतात, पण विकतच्या बाटलीच्या मानाने खर्च नगण्य.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शेवटी सीरमशिवायच्या मीडियमला 'श्रीमंत प्रयोगशाळांची चैन' म्हटलं होतं. ते वाक्य काढलं. मेक्सिकोतल्या संशोधकांनी ॲडव्हान्स्ड डीएमईएम/एफ-१२ या तयार मीडियममध्ये इन्सुलिन, ट्रान्सफेरिन आणि सेलेनियम घालून बाबेसिया बोव्हिस वाढवून दाखवलाय. आम्ही आमची लाइन (कल्चरमध्ये सतत वाढवत ठेवलेला परजीवी) त्यावर हळूहळू आणली, सीरमचं प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरवत. मध्ये वाढ मंदावली, स्लाइडवर परजीवी शोधावे लागले, मग पुन्हा जोड्या दिसू लागल्या. बाटली महाग आहे, पण पुढची बाटली मागच्यासारखीच वागते आणि याची किंमत मी आधी धरलीच नव्हती. शिवाय परजीवीची प्रथिनं वेगळी काढताना सीरमची प्रथिनं आड येत नाहीत.

गाय मात्र सुटत नाही. तांबड्या पेशी मीडियमच्या कुठल्याच बाटलीत मिळत नाहीत. गोठवलेला परजीवी पुन्हा उठवायचा असेल किंवा आजारी जनावराच्या रक्तातून नवा वेगळा करायचा असेल, तर आमच्याकडे सीरमवरच काम होतं. रुळलेली लाइन तेवढी सीरमशिवाय चालते.

एवढा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्यांसाठी. ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमधल्या वाकोल इथे या रोगाची जिवंत लस प्लीहा काढलेल्या वासरांमध्ये परजीवी वाढवून बनवत आले आहेत. आमच्याकडे कुठल्याही वासराच्या पोटाला सुरी लागत नाही. देवणीच्या मानेतून अधूनमधून रक्त काढतो आणि तेवढ्यात ती समोरचा कडबा खात उभी असते. ही पद्धत घेण्यासारखी आहे का, तर हो, पण आधी गाय शोधा आणि इन्क्युबेटरचं कोटेशन नंतर मागवा.