पाय उडाला म्हणजे नस जागी झाली असं कोणी दाखवलं तर पैसे देऊ नका

दादाच्या मणक्याला मार लागल्यापासून कमरेखाली हालचाल नाही. काही महिन्यांनी पाय कडक व्हायला लागले, रात्री झटके यायचे, मांड्या एकमेकींवर चढून आवळल्या जायच्या. डॉक्टरांनी बॅक्लोफेन, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या गोळ्या, चालू केल्या, रोज स्ट्रेचिंग चालू होतं, बऱ्यापैकी आटोक्यात आलं होतं. तेवढ्यात ओळखीतून एकजण घरी आला, म्हणे नसांचा इलाज करतो.

त्याने काय केलं ते नीट वाचा. आधी पायाला तेल चोळलं, मग पाऊल झटकन वर ढकललं आणि तसंच दाबून धरलं. पाय थडथड उडायला लागला, थांबेचना. आई रडायलाच लागली. हा म्हणतो बघा नस जागी झाली, एका मालिशमध्ये एवढं, पूर्ण कोर्स केला तर उभा राहील. दादाचा चेहरा तेव्हा जो फुलला ना, तो बघून कोणीही पैसे काढून दिले असते. सगळे आगाऊ घेतले.

नंतर डॉक्टरांनी तेलबिल न लावता तेच करून दाखवलं. याला क्लोनस म्हणतात. स्नायू झटकन ताणला की मज्जारज्जूतूनच आकसायचा सिग्नल परत येतो, त्याला आवरणारा मेंदूचा कंट्रोल इजेमुळे तुटलेला असतो, म्हणून पाय उडतच राहतो. म्हणजे आम्हाला जो चमत्कार म्हणून विकला तो दादाचा आजारच होता!

पैसे गेले ते गेले, पण या माणसाने दादाला गोळ्या बंद करायला लावल्या, त्या नसा झोपवतात म्हणे. मग ताप, घाम, भास, पाय इतके कडक की कॅथेटर (लघवीची नळी) बदलायला मांड्या वेगळ्या होईनात. फोन केला तर म्हणतो रोग बाहेर पडतोय, घाबरू नका. शेवटी ॲडमिट करावं लागलं. बॅक्लोफेन एकदम थांबवलं तर फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो, कमी करायचं तर डॉक्टरच हळूहळू करतात.

झटके अचानक वाढले तर आधी लघवीचं इन्फेक्शन, बेडसोर, बद्धकोष्ठता, मांसात रुतलेलं नख हे बघा, खाली दुखलेलं पेशंटला कळत नाही पण पाय मात्र आखडतात. गोळ्यांनी भागलं नाही तर ठरावीक स्नायूंत बोटॉक्स देतात, असर साधारण 3 महिने, आणि त्रास फारच असेल तर पोटाच्या कातडीखाली पंप बसवून बॅक्लोफेन थेट मणक्यात सोडतात. याने ताठरपणा कमी होतो, चालता येईल असं आम्हाला एकाही डॉक्टरने सांगितलं नाही.

त्या माणसाने दादाच्या पायाचा व्हिडिओ काढला होता आणि आता तोच दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांना दाखवतोय असं कळलंय. तुम्हाला असा व्हिडिओ कोणी दाखवला तर एवढंच म्हणा, पायाला हात न लावता पेशंटला स्वतःहून अंगठा हलवायला सांगा, आणि थांब म्हटल्यावर थांबवायला सांगा.